शाळेतील फ्लूची साथ: फवारणीच्या आधी हजेरीचे नियम तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की मुलाच्या वर्गात ताप-खोकल्याची साथ येते, शाळेने या वर्षी वर्गावर्गांत सॅनिटायझर ठेवले, दर शनिवारी जंतुनाशक फवारणी सुरू केली, तरीही निम्मा वर्ग गैरहजर राहिला, तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत नेमके काय सुचवावे आणि शाळा आठवडाभर बंद ठेवण्याची मागणी करावी का? पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी आधी विज्ञान शिकवत होते आणि निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापिका होते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की साथीला सर्वांत मोठा हातभार आजारी मूल शाळेत येण्याने लागतो, आणि ते मूल घरी न थांबता शाळेत येते ते बहुतेक वेळा शाळेच्याच नियमांमुळे. म्हणून बैठकीत पहिला विषय हजेरीचा घ्यावा. फवारणीचा सर्वांत शेवटी घेतला तरी चालेल.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, साधारणपणे दोन दिवसांत, लक्षणे दिसू लागतात. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलांत हा काळ आणखी लांबतो. आदल्या दिवसाचे आपण काही करू शकत नाही, त्यामुळे कोणताही नियम साथ शून्यावर आणणार नाही, हे आधीच मान्य करावे. परंतु तापाचे पहिले तीन-चार दिवस, जेव्हा विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते, ते मूल घरी राहील की साठ मुलांच्या वर्गात बसेल, हे मात्र ठरवता येते.

प्रत्यक्षात काय घडते ते शिक्षकांना ठाऊक असते. सकाळी मुलाचे अंग कोमट लागते, आई-वडील दोघांनाही कामावर जायचे असते, पॅरासिटामॉलचे औषध पाजले जाते आणि मूल शाळेत पोहोचते. मधल्या सुट्टीच्या सुमारास औषधाचा असर ओसरतो, तोंड लाल होते, मूल बाकावर डोके टेकते. तोपर्यंत प्रार्थना, परिपाठ आणि तीन-चार तास झालेले असतात. पालकांना दोष देणे सोपे आहे, पण शाळेने त्यांच्यापुढे काय ठेवले आहे तेही पाहावे. वर्षअखेरीस पूर्ण उपस्थितीचे प्रशस्तिपत्र असते. ऑगस्टमधली घटक चाचणी चुकली तर ती पुन्हा घेतली जाईल याची खात्री नसते. दोन दिवसांच्या गैरहजेरीसाठीही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणजे साध्या फ्लूच्या मुलाला घेऊन पालकांनी दवाखान्यातील गर्दीत जाऊन बसायचे. ज्या शाळा आजारी असूनही आलेल्या मुलाचे परिपाठात कौतुक करतात, त्यांच्याबद्दल तर काय बोलावे!

म्हणून पहिली मागणी अशी करावी की जून ते ऑक्टोबर या काळातील तापाच्या आजारपणाची रजा पूर्ण उपस्थितीच्या हिशेबात धरू नये, किंवा ते पारितोषिकच बंद करावे. मला दुसरा पर्याय अधिक आवडतो, कारण न आजारी पडणे हा काही विद्यार्थ्याचा गुण नव्हे. चाचणी चुकलेल्यांसाठी फेरचाचणीची तारीख आधीच वेळापत्रकात छापावी. चार-पाच दिवसांपर्यंतच्या रजेसाठी पालकांनी शाळेच्या डायरीत लिहिलेली चिठ्ठी पुरेशी मानावी. मूल परत कधी पाठवावे याचा निकष एकच आणि सोपा असावा: तापाचे कोणतेही औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप नसला पाहिजे. औषध न देता, हे शब्द परिपत्रकात ठळक छापावेत, कारण सगळी पळवाट तिथेच असते. उलट, ताप उतरल्यावरही खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळू शकतो. केवळ तेवढ्यावरून मुलाला घरी बसवण्याचे कारण नाही आणि वर्गात कोणी खोकले की माना वळण्याचेही नाही.

हाच न्याय शिक्षकांना लावायला हवा आणि तो सहसा लावला जात नाही. बदली तास कोण घेणार या विवंचनेत शिक्षक अंगात ताप असताना उभे राहून शिकवतात, आणि दिवसभरात पाच-सहा वर्गांत फिरणारा माणूस आजारी असला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यासाठी बदली तासांचे वेगळे नियोजन करून ठेवणे मुख्याध्यापकांच्या हातात असते. शाळेतच ताप चढलेल्या मुलाला कार्यालयाबाहेरच्या वर्दळीत बसवू नये. व्हरांड्याच्या मोकळ्या टोकाला बाक ठेवून, त्याला मास्क देऊन, पालक येईपर्यंत जवळ एक मोठे माणूस असावे.

दुसरा मोठा मुद्दा हवेचा आहे. खोकताना, शिंकताना आणि बोलतानाही बाहेर पडणाऱ्या थेंबांतून व सूक्ष्म कणांतून फ्लू पसरतो, आणि नेमक्या साथीच्या दिवसांत आपण वर्ग बंद करून घेतो, कारण पाऊस आत येतो. नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसात त्या बाजूच्या खिडक्या लावाव्या लागतात हे खरे, परंतु समोरच्या बाजूच्या खिडक्या आणि दार उघडे ठेवण्यास काहीच हरकत नसते. जुन्या इमारतींत छताजवळ झरोके असतात आणि त्यांवर वर्षानुवर्षे तक्ते व पुठ्ठे ठोकलेले असतात. ते काढायला एक दुपार पुरते. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो, ती बदलत नाही; हवा बाहेर फेकणारा पंखा एका खिडकीत बसवला तर फरक पडतो. वातानुकूलित वर्ग असलेल्या शाळांनी अधिक सावध राहावे, कारण भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडते. शंका असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे उपकरण आणून एका तासाच्या शेवटी वर्गात ठेवावे. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सुमारे 420 असते. वर्गात ते 1000 च्या बरेच वर गेले तर मुले एकमेकांनी सोडलेला श्वास घेत आहेत असे समजावे. शाळेच्या व्हॅन आणि रिक्षांचाही विचार व्हावा. पाऊस लागला की दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे पडदे खाली येतात आणि आत आठ-दहा मुले खेटून बसलेली असतात. रिक्षाकाकांना एका बाजूचा पडदा अर्धा वर ठेवायला आणि तापाचे मूल न घेण्यास सांगणे, एवढे तरी पालक करू शकतात.

आता लसीबद्दल. आपल्याकडे इन्फ्लुएन्झा वर्षातून साधारणपणे दोनदा डोके वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात. महाराष्ट्रात पावसाळ्यातली लाट अधिक त्रासदायक ठरते. लस घेतल्यावर संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे शाळा जूनच्या मध्याला उघडणार असेल तर लस मेअखेरपर्यंत घेतलेली बरी. बहुतेक पालक मात्र वर्गात साथ आल्यावर जागे होतात. विषाणू रूप बदलत असल्याने लसीची घटकरचना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी, जागतिक आरोग्य संघटना ठरवते. म्हणून गेल्या वर्षीची लस या वर्षी चालत नाही आणि डॉक्टरांना ‘चालू हंगामाची लस आहे ना’ असे विचारणे रास्त आहे. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. लसीचे वाण फिरणाऱ्या विषाणूशी जुळले, तर आजाराचा धोका साधारणपणे 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. हे प्रमाण गोवराच्या लसीसारखे नाही, हे खरे. परंतु लस घेतलेल्यांना गंभीर आजार होण्याची शक्यताही कमी असते. सरकारच्या नियमित लसीकरणात ही लस नाही आणि खासगी दवाखान्यातला खर्च सर्व कुटुंबांना परवडत नाही, त्यामुळे शाळेने ती सक्तीची करणे मला योग्य वाटत नाही. दमा, हृदयविकार, मधुमेह असलेली मुले आणि शिक्षक-कर्मचारी यांच्यासाठी मात्र संस्थेने पुढाकार घ्यावा. शालेय मुलांना लस दिल्याने त्यांच्याभोवतीची मोठी माणसेही वाचतात, याचा चांगला पुरावा कॅनडातील हटराइट या धार्मिक समुदायाच्या वसाहतींत मिळाला: 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांना लस दिलेल्या वसाहतींमधल्या लस न घेतलेल्या लोकांतही फ्लूचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळले. आजी-आजोबा घरात असलेल्या कुटुंबांनी हे लक्षात घ्यावे.

हात धुण्याचे महत्त्व मी नाकारत नाही. कैरोतील प्राथमिक शाळांत हात धुण्याची मोहीम राबवल्यावर प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू जवळजवळ निम्म्याने घटला होता. प्रश्न उपदेशाचा नसून नळाशी साबण असण्याचा आहे. वडी ठेवली की ती विरघळते किंवा नाहीशी होते, म्हणून ती नायलॉनच्या जाळीत घालून नळाला बांधावी किंवा साबणाचे पाणी झाकणाला भोक पाडलेल्या बाटल्यांत भरून ठेवावे. मैदानावरून चिखलाचे हात घेऊन आलेल्या मुलांना सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. फवारणी तर मी थांबवायलाच सांगेन. फ्लूचा विषाणू कठीण पृष्ठभागावर फार तर एक-दोन दिवस टिकतो, शनिवारी दुपारी बंद झालेली शाळा सोमवारी उघडेपर्यंत तो तसाही निष्प्रभ झालेला असतो, आणि सोमवारी पहिल्या तासाला तापाचे मूल आत आले की फवारणीचे पैसे पाण्यात जातात. वर दमेकरी मुलांना त्या वासाचा त्रास होतो तो वेगळाच.

शाळा बंद ठेवण्याबाबत पुणेकरांना 2009 ची आठवण असणे साहजिक आहे. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर शहरातल्या शाळा, महाविद्यालये बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि लोक कापराच्या पुरचुंड्या हुंगत फिरू लागले. (कापराने विषाणू मरत नाही आणि लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून दप्तरात पुरचुंडी देऊ नये.) तेव्हा विषाणू नवा होता, लस हाती नव्हती, बंदचा निर्णय समजण्यासारखा होता. नेहमीच्या हंगामी फ्लूसाठी तोच उपाय वापरणे मला पटत नाही. निम्मा वर्ग गैरहजर होईपर्यंत विषाणू पसरून गेलेला असतो, बंद शाळेतली मुले शिकवणीच्या वर्गात आणि सोसायटीच्या आवारात भेटतातच, आणि शालेय पोषण आहारावर अवलंबून असलेल्या मुलांचे जेवण बुडते. जपानमध्ये संपूर्ण शाळेऐवजी साथ आलेला तेवढाच वर्ग काही दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे. गरज पडलीच तर तीच मागणी करावी. त्यासाठी गैरहजेरीच्या रकान्यात ‘ताप’ हे कारण रोज नोंदवले गेले पाहिजे. एकाच वर्गात दोन-तीन दिवसांत तापाची मुले अचानक वाढली, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

घरी राहिलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविके देऊ नयेत, ती विषाणूवर चालत नाहीत; ॲस्पिरिन तर मुलांना मुळीच देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यामुळे यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होण्याचा धोका असतो. धाप लागणे, ओठ निळसर दिसणे, मूल सुस्त पडणे, पाणीही न पिणे किंवा उतरलेला ताप पुन्हा जोरात येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जुना आजार असलेल्या मुलाला ताप आल्यावर वाट पाहू नये. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते.

बैठकीत ठराव म्हणून मांडता येईल असा मजकूर देते, हवा तसा बदलून घ्यावा: ‘ताप असलेल्या विद्यार्थ्यास शाळेत पाठवू नये. औषध न देता चोवीस तास ताप नसल्यास त्यास पाठवावे. या रजेसाठी पालकांची चिठ्ठी पुरेशी असून वैद्यकीय प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. या काळात चुकलेली चाचणी ठरलेल्या तारखेस पुन्हा घेतली जाईल आणि या रजेचा विद्यार्थ्याच्या कोणत्याही पारितोषिकावर परिणाम होणार नाही.’ हा ठराव याच महिन्यात अमलात येऊ शकतो. झरोके, पंखे आणि लसीकरणाचा विषय मात्र एप्रिलच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आताच लिहून घ्यावा, कारण जूनमध्ये त्याला उशीर झालेला असतो.