मँडरिन बोलणारी बाई आणि एक तासाची शिकवणी

"काकू, जूनमध्ये आम्ही सिंगापूरला आलो. मोठी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, आम्ही दोघंही नोकरीला. इथं आलोच आहोत तर पोरांना मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, यावं, म्हणून ती भाषा बोलणारी नॅनी शोधतोय. तिनं रोज एक तास शब्दांची कार्डं घ्यावीत, अक्षरं गिरवून घ्यावीत आणि बाकी वेळ इंग्रजी बोलावं, म्हणजे आम्हालाही कळेल. एकही बाई पसंत पडेना. आमचं काय चुकतंय?"

अगं, दीड वर्षाचं पोर धड चमचा धरत नाही, ते चिनी अक्षरं कसली गिरवतंय! मंगळवार पेठेतलं घर आवरायचं, दोन लेकरं घेऊन परक्या मुलखात उभं राहायचं आणि पहिल्याच सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं, ही तारांबळ आपल्यापैकी कुणाला चुकलेली नाही. तुझी दया येते. पण त्या एक तासाच्या अटीनं डोकं फिरलं, तेवढं आधी बोलून घेते.

या सदराचे जुने वाचक आता हसतील, कारण जर्मन असो की जपानी, मी हेच सांगत असते. पोराला जेवू घालताना, न्हाऊ घालताना, रागे भरताना जी भाषा कानावर पडते, ती अंगात मुरते. तू मात्र बाईला तासभर मास्तरीण करणार आणि उरलेला दिवस, म्हणजे खरा दिवस, तिला इंग्रजीत बोलायला लावणार. मग मँडरिन बोलणारी बाई हवी कशाला?

माझं ऐकायचं नसेल तर शास्त्रज्ञांचं ऐक. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली सिएटलमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. मँडरिन बोलणाऱ्या माणसांनी त्यांच्यासमोर बसून पुस्तकं वाचली, खेळणी खेळली. 25 मिनिटांच्या 12 बैठका झाल्या. त्या बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद तैवानच्या बाळांइतकेच ओळखू यायला लागले. दुसऱ्या बाळांना तोच मजकूर टीव्हीवर दाखवला, तिसऱ्यांना नुसता ऐकवला. त्यांच्यावर काही परिणाम नाही! बाळं बोलायला लागली असं कुणी म्हटलेलं नाही, पण समोर जिवंत माणूस लागतं एवढं त्यातून नक्की दिसतं. तेव्हा त्या टॅबलेटवरच्या गाण्यांचे पैसेही वाचव.

माझी बहीण तैपेईत होती. तिनं भाच्यासाठी शिकवणारी बाई ठेवली. कार्डं, बक्षिसाच्या चांदण्या, सगळा थाट. दारात बाईची चप्पल दिसली की हे पोरगं पलंगाखाली! आणि तेच पोरगं संध्याकाळी खाली इमारतीच्या वॉचमनशी तासभर गप्पा मारायचं. उलट माझ्या लेकीला सांभाळायला जोहोरची एक मलेशियन चिनी आंटी होती. शिक्षण बेताचं, पण तोंडाची टकळी अखंड चालू. भाजीशी बोलायची, लिफ्टशी बोलायची, लेकीनं नुसतं 'बा' केलं तरी तिला तीन वाक्यांचं उत्तर द्यायची. शाळेत जायच्या आधी लेक मँडरिनमध्ये कचाकचा भांडायला लागली होती.

म्हणून बाई निवडताना प्रमाणपत्र नंतर बघ, आधी ती बोलकी आहे का बघ. तुम्हा दोघांना भाषा येत नाही, तर ऑफिसातल्या एखाद्या चिनी मैत्रिणीला अर्धा तास घरी बोलाव. बाईला पोरांशी खेळू दे आणि मैत्रिणीला फक्त एवढं विचार: धाकट्यानं बोबडं काही काढलं की ही उत्तर देते का? मोठी रडली तर समजूत त्याच भाषेत घालते का? आणि कामावर घेतल्यावर तुमच्या सोयीसाठी तिला इंग्रजीत ओढू नका. पाणी, ताप, शी, दुखतंय असे वीसेक शब्द तुम्ही शिका. दिवसाचा अहवाल ती मोबाईलवर लिहील. अँब्युलन्सचा 995 मात्र तिला पाठ हवा. मोठी सुरुवातीला काही महिने तोंड उघडणार नाही. घाबरून कार्डं काढू नकोस.

आता बाई मिळेना का, तर तू चुकीच्या दारावर उभी आहेस. चीनच्या मुख्य भूमीवरून बाईला घरकामाच्या परमिटवर सिंगापुरात आणता येत नाही, त्या परवानगीच्या यादीत तो देशच नाही. मलेशिया आहे, तैवान आहे, इंडोनेशिया, म्यानमार आहे. एजन्सीला सांग, आधी तैवानमध्ये काम केलेली इंडोनेशियन हेल्पर दाखवा. तिथं राहून या बायका मँडरिन शिकतात. हाँगकाँगहून आलेली असेल तर सांभाळ, ती बहुतेक कँटोनीज, म्हणजे वेगळीच चिनी बोली, बोलत असणार आणि तुला फरक कळायचा नाही. मलेशियन मिळाली तर सरकारला द्यायचा 5000 डॉलरचा हमीचा बाँडही लागत नाही. महिन्याची 300 डॉलरची लेव्ही, म्हणजे परदेशी बाई ठेवल्याबद्दलचा सरकारी कर, मात्र तुम्हाला चुकणार नाही. दुसरी वाट म्हणजे दिवसा येणारी स्थानिक आंटी. सरकार 1979 पासून मँडरिनची मोहीम चालवतंय, तरी वयस्कर आंटींच्या तोंडी होक्येन नाहीतर तिओच्यू अशी दुसरीच चिनी बोली असते, म्हणून विचारून घे. कुणाच्या ओळखीनं टुरिस्ट व्हिसावर आलेली बाई मात्र अजिबात ठेवू नकोस, तो सरळ गुन्हा आहे.

बाकीचे प्रश्न. शाळेत मराठी मिळेल का? नाही. तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहेत. चिनी घ्यायची तर अर्ज करावा लागतो, पण त्याला अजून वेळ आहे. सासूबाई कोल्हापुराहून फोनवर म्हणतात, पोरं मराठी विसरतील. तुम्ही नवरा-बायको घरात आपसांत इंग्रजी झाडणं बंद करा, विसरणार नाहीत. बाई स्वयंपाकघरात काय शिजवेल? ते करार करतानाच बोलून घे. आमची आंटी पांढरा रस्सा वाटीनं प्यायची.

आणि शेवटी लिहिलंयस, "रविवारची सुट्टी द्यावीच लागते का?" आठवड्याला एक सुट्टी कायद्यानं तिची आहे. त्यातली महिन्यातून एक तर जादा पैसे देऊनही बुडवता येत नाही. अगं, हे विचारायचं असतं का? त्या दिवशी पोरं तुम्ही दोघं सांभाळा.