ग्रिक्वांनी जमीन विकली, मग त्याला सक्तीचं स्थलांतर का म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की दक्षिण आफ्रिकेतल्या फिलिपोलिसच्या ग्रिक्वांनी १८६१ मध्ये आपला मुलूख पैसे घेऊन विकला, तर त्यांना हाकललं असं कसं म्हणता येईल. माझ्या मते म्हणता येतं. त्यासाठी खरेदीखताच्या आधी काय घडलं ते पाहायला हवं.

ग्रिक्वा हे दक्षिण टोकाकडच्या केप वसाहतीतले खोईखोई (तिथले मूळ रहिवासी), डच आणि गुलाम यांच्या मिश्र वंशाचे लोक. (त्या गुलामांत बंगाल आणि मलबारकडून नेलेलेही होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) त्यांचं नेतृत्व करणाऱ्या कोक घराण्याचा मूळ पुरुष स्वतः गुलामीतून सुटलेला. वसाहतीत जागा मिळेना म्हणून ही माणसं उत्तरेला सरकत ऑरेंज नदीपलीकडे गेली. तिथल्या फिलिपोलिसला त्याच घराण्यातले पुढारी ॲडम कोक तिसरे यांच्या काळात त्यांची मेरिनो मेंढ्यांची शेती चांगली चालली होती.

मग बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, आले. आधी चराईपुरते, पुढे भाडेपट्ट्याने. १८४६ मध्ये ब्रिटिशांनी मुलखाचे दोन भाग केले. एका भागात बोअरांना पट्ट्याने जमीन देता येईल, दुसरा फक्त ग्रिक्वांचा राहील, असं ठरलं. १८५४ मध्ये तेच ब्रिटिश तिथून निघून गेले, ऑरेंज फ्री स्टेट हे राज्य बोअरांच्या हाती आलं आणि ग्रिक्वांना राखणारं कुणी उरलं नाही. एकेक शेत बोअरांकडे जाऊ लागलं. अखेर कोक यांनी उरलेले हक्क फ्री स्टेटला ४,००० पौंडांना दिले. शेजारी चहूबाजूंनी जमीन गिळत असताना केलेल्या विक्रीला मी तरी राजीखुशीचा सौदा म्हणणार नाही.

पुढचा प्रवास वाचताना जीव कळवळतो. दोन हजारांच्या आसपास माणसं, सुमारे तीनशे बैलगाड्या, आणि समोर ड्रॅकेन्सबर्गची डोंगररांग. भयंकर दुष्काळात गुरं-मेंढरं मेली, काही बासुथो लोकांनी पळवली. जिथून ते डोंगर उतरले त्या खिंडीचं नाव ऑन्गेलुक्सनेक. डचमध्ये ऑन्गेलुक म्हणजे अपघात, दुर्दैव.

खाली ज्या प्रदेशात ते पोचले त्याला इंग्रज ‘नोमॅन्सलँड’, म्हणजे कुणाचीच नसलेली भूमी, म्हणत. प्रत्यक्षात तिथे आधीपासून आफ्रिकी लोक राहत होते, हेही विसरू नये. माउंट करीच्या पायथ्याशी ग्रिक्वांनी जवळजवळ दहा वर्षं तात्पुरत्या वस्तीत काढली. १८७२ मध्ये कोकस्टाड वसलं. दोनच वर्षांत ब्रिटिशांनी कारभार ताब्यात घेतला. या वेळी खरेदीखतही झालं नाही. १८७५ च्या डिसेंबरात ॲडम कोक गाडीवरून पडून वारले आणि १८७९ मध्ये हा मुलूख केप वसाहतीला जोडला गेला.