जुनिपरला पाणी किती आणि केव्हा?

प्रश्न : कमी पाण्यावर वाढणारे सदाहरित झाड म्हणून गेल्या वर्षी आम्ही हिरवळीच्या कडेला जुनिपर लावले. हिरवळीबरोबर त्यालाही रोज पाणी मिळते, तरी आतल्या फांद्या तपकिरी पडू लागल्या आहेत. पाणी वाढवावे का? वाळलेला भाग कुठवर छाटावा?

उत्तर : पाणी वाढवू नये, ही पहिली विनंती. खोडालगतची जुनी पर्णे तेवढीच तपकिरी झाली असतील आणि शेंडे हिरवे, टवटवीत असतील, तर ती नैसर्गिक पानगळ आहे. सदाहरित झाडेही जुनी पाने टाकतातच. मात्र शेंडे निस्तेज होत असतील किंवा अख्खी फांदी फिकट पडत असेल, तर मुळांकडे पाहावे. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारख्या रोगकारकांमुळे ती कुजतात. मुळे निकामी झाल्यावरही जुनिपरची पर्णे कित्येक आठवडे हिरवी राहू शकतात, म्हणून नुसत्या हिरव्या रंगावर विसंबू नये.

दुष्काळ सोसण्याची शक्ती या झाडात असते हे खरे; पण ती मुळे आजूबाजूच्या जमिनीत पसरल्यानंतरच कामी येते आणि त्याला एक-दोन वर्षे लागतात. तोवर पाणी द्यावे, पण खोलवर मुरेल असे, आणि आठ-दहा सेंटिमीटर खोलीवरची माती कोरडी होऊ लागल्यावरच पुन्हा द्यावे. पुढे फक्त दीर्घ कोरड्या काळात त्याची गरज पडते. हिरवळीची आणि जुनिपरची तहान मुळातच वेगळी असल्यामुळे झाडाभोवतीचे गवत काढून तिथे आच्छादन पसरावे, ते खोडाला टेकू देऊ नये आणि तुषारांची दिशा बदलावी. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत मात्र एवढे पुरणार नाही. तिथे झाड अजून लहान आहे तोवर मुळांच्या गड्ड्यासह उचलून उंचवट्यावर हलवणे मला अधिक योग्य वाटते.

छाटणी करताना हिरव्या पर्णांच्या मर्यादेतच थांबावे. पर्णहीन जुन्या लाकडापर्यंत कापलेल्या फांदीला सहसा नवे धुमारे येत नाहीत, त्यामुळे पडलेली पोकळी कायमची राहते. पूर्ण मेलेली फांदी तेवढी बुंध्यापासून काढावी.

प्रश्न : घराच्या भिंतीलगत जुनिपर लावता येईल का? बागेत सफरचंदाचे झाडही आहे.

उत्तर : भिंतीलगत लावू नये. जुनिपरची पर्णे राळयुक्त असून चटकन पेट घेतात, शिवाय आत वाळलेला काडीकचरा साठतो. जागा अरुंद असेल, तर साधारण मीटरभर रुंदीतच सरळ उंच वाढणारी ‘स्कायरॉकेट’ ही जात निवडावी, पण तीही भिंतीपासून दूर आणि दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशा ठिकाणीच. सफरचंदाचा प्रश्न अधिक अवघड आहे. जुनिपरच्या काही जातींवर वाढणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीला आपले जीवनचक्र पुरे करण्यासाठी सफरचंदासारखे दुसरे झाड लागते आणि तिचे बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात. त्यामुळे एकाच बागेत दोन्ही हवीच असतील, तर किमान एक तरी तांबेरा-प्रतिकारक जातीचे घ्यावे.