मैदानातनं कोचच्या बाकावर जाताना

भावा, गुडघा गेला म्हणून कोच व्हायचं ठरवलंस, ठीक. पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना तुझ्या नावाचा दंगा व्हायचा म्हणून पोरं तुझं ऐकतील, असं धरू नकोस. ऐकतील, फार तर एक सीझन.

फ्रान्सचा झिदान बघ. 1998 च्या वर्ल्डकप फायनलला दोन हेडर मारलेला गडी. 2006 ला खेळणं थांबवलं. 2013-14 ला स्पेनच्या रियल माद्रिद क्लबात मुख्य कोच अँचेलोत्तीचा असिस्टंट, मग त्यांच्या राखीव संघाचा कोच, आणि जानेवारी 2016 ला मुख्य संघ हातात. पुढं सलग तीन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप! कप सगळ्यांना दिसतात, मधली वर्षं कुणी बघत नाही.

तूही आधी एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स कर आणि बारकी पोरं घे. मी पहिल्या वर्षी स्वतःच बूट घालून पास दाखवत बसायचो. मला जमतं ते ह्यांना का जमंना, ह्याचाच राग. आपल्याला आपोआप येतं तेच शिकवायला अवघड, लेका. आता वही घेऊन बसतो. बॉल नसताना कोण कुठं उभा राहतो, तेवढंच लिहितो. पेठापेठांच्या मॅचला मात्र वही पिशवीत. त्या आरड्याओरड्यात कोण कुणाचं ऐकतंय!

उद्या सकाळी सहाला ये. सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला माणूस पाहिजे.