जागेवर 5 मीटर 40, नकाशात 9

तालुक्याच्या गावांमध्ये सध्या प्रारूप विकास आराखड्यांची धामधूम आहे. गावाबाहेरचा हिरवा (शेतीचा) पट्टा पिवळा (निवासी) होतोय, जुन्या गल्ल्यांवर रुंदीकरणाच्या रेघा पडताहेत. आलेल्या पत्रांपैकी चारांना इथे उत्तरं देतो.

आमची बंगल्यांची कॉलनी आहे, समोर 6 मीटरचा रस्ता. शेजारच्या 4 गुंठ्यांवर आता सात मजली इमारत येणार म्हणतात. खरं आहे का?

आज तरी नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, युडीसीपीआर. गावठाणाचा दाट भाग वगळला तर तिच्यात निवासी प्लॉटला मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1.10 मिळतो. 4 गुंठे म्हणजे साधारण 405 चौरस मीटर, त्यावर 445 चौरस मीटर बांधकाम. पूर्वी बाल्कनी, जिना, पॅसेज यांचा हिशेब वेगळा असे. आता सगळं मोजतात आणि त्यापोटी पैसे भरून 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय घेता येतो. म्हणजे झाले 712 चौरस मीटर. सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) सोडून दहाएक फ्लॅट. बंगल्याच्या जागी दहा फ्लॅट हाही बदलच, पण सात मजले नव्हेत.

मात्र एक गोष्ट बघा. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) मिळत नाही, टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. तुमच्या रस्त्याला आराखड्यात 9 मीटरची रेघ पडली असेल, तर ती मंजूर होताच ही दोन्ही दारं उघडतात. लोक हिरवा-पिवळा रंग बघत बसतात. दाटी खरी वाढते ती या रेघेने. आराखडा उघडलात की आधी तीच शोधा.

आम्ही 140 सह्यांचं निवेदन दिलं, 'गावाचं गावपण जपा' म्हणून. उपयोग होईल ना?

फारसा नाही. राग मानू नका.

प्रारूप आराखड्यावर हरकती घ्यायला राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 26 खाली 30 दिवस असतात. मंजूर आराखड्यात छोटा फेरबदल करायचा असेल तर कलम 37, तिथे एक महिना. आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते आणि तिथे एकेका हरकतीला मोजकी मिनिटं मिळतात. सामुदायिक भावना दोन मिनिटांत 'नोंद घेतली' होऊन जाते.

अशाच एका सुनावणीला मी मागच्या बाकावर बसलो होतो. एक निवृत्त शिक्षिका आल्या. पिशवीत मेजर टेप, सिटी सर्व्हेचा उतारा, नातवाकडून काढून घेतलेले सहा फोटो. म्हणाल्या, "आराखड्यात आमची गल्ली 9 मीटर दाखवली आहे. जागेवर 5 मीटर 40 भरते. हे तीन ओटे, ही विजेची डीपी आणि हे मारुतीचं देऊळ. यातलं काय कधी हलवणार, ते लिहून द्या." समितीतल्या एकाने चष्मा काढून फोटो हातात घेतले. त्या दिवशी वीस मिनिटं चर्चा झाली ती तेवढ्याच हरकतीवर.

तेव्हा निवेदन राहू द्या, पण प्रत्येकाने आपापली हरकत वेगळी द्यावी. सिटी सर्व्हे नंबर, रस्त्याची मोजलेली रुंदी, नेमका काय बदल हवा, आणि 'सुनावणीस हजर राहायचे आहे' हे वाक्य. पोच घ्यायला विसरू नका.

पाणी आत्ताच एक दिवसाआड येतं. फ्लॅट झाल्यावर काय?

हा सगळ्यांत रास्त प्रश्न. भूमिगत गटार असेल तिथे माणशी रोज 135 लिटर हा मापदंड आहे. नळ आहे पण गटार योजना नाही तिथे 70. पहिल्या उत्तरातल्या दहा फ्लॅटांत 45 माणसं धरली तर 135 च्या हिशेबाने रोज सहा हजार लिटर. पाच जणांच्या बंगल्याला पावणेसातशे पुरत होतं. शिवाय सेप्टिक टँक तुंबली की मैल्याची गाडी शोधत फिरायचं.

तरीही 'दाटी नकोच' या मताचा मी नाही. तेच 45 जण गावाबाहेर तीन किलोमीटरवर प्लॉट पाडून राहिले तर पाणी तेवढंच लागतं, पाइप तेवढी लांब जाते आणि खर्च नगरपरिषदेवर येतो. टाकी आणि गटाराचं काम आधी, रेघ मागून, अशी मागणी करा.

आमची शेती पिवळ्या पट्ट्यात आली. विकावी लागेल?

नाही. रंग बदलला म्हणून कोणी जमीन घेत नाही; ज्वारी पेरत राहा. आरक्षण पडलं असेल, म्हणजे जागा शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली असेल, तर गोष्ट वेगळी. मंजुरीनंतर 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली नोटीस देता येते आणि पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. तेव्हा कोणी दलाल 'आता स्वस्तात देऊन टाका' म्हणाला, तर आधी झोन दाखला (जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे याचा दाखला) काढून पिवळा रंग आहे की आरक्षण, ते बघा.