गेरमध्ये फोनला पाच दांड्या, तरी लाइव्ह अडकतं. ५जी ब्रॉडकास्टने सुटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचं, लाइव्ह तुमची संस्था करते, ते पुण्यातल्या नातेवाइकांना नीट दिसतं, पण राजवाड्यासमोर उभ्या माणसाच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहतं. ५जीत ब्रॉडकास्टची सोय आहे म्हणतात, तर कंपनीला सांगून ती त्या दिवसापुरती चालू करून घेता येईल का?

आज तरी नाही. आणि उद्या मिळाली तरी तुमची अर्धीच अडचण सुटेल.

मी एकोणीस वर्षं टॉवरच्या कामात आहे. मागे एका गेरला सराफा बाजाराच्या तोंडाशी एका गच्चीवर टेस्टिंगचा फोन घेऊन उभा होतो. खालून टँकरचे फवारे वर येत होते, म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला होता. पिशवीतूनच आकडा वाचला: सिग्नल उणे ७२ डीबीएम. एवढी झकास रेंज आपल्याला घरात मिळत नाही. आणि डाउनलोड? अर्धा एमबीपीएससुद्धा नाही. दांड्यांवरून टॉवर किती स्पष्ट ऐकू येतोय एवढंच कळतं. तुमच्यासाठी त्याला सवड आहे की नाही, ते कळत नाही.

आता हिशेब करा. समजा टॉवरच्या एका सेक्टरखाली, म्हणजे एका बाजूच्या अँटेनाच्या टापूत, ५०० जण तेच लाइव्ह २ एमबीपीएसने बघतायत. नेहमीच्या पद्धतीत टॉवर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो, म्हणजे १,००० एमबीपीएस. तेच सगळ्यांसाठी एकदाच हवेत सोडलं तर २. ही कल्पना जुनी आहे. ३जीत ती एमबीएमएस या नावाने आली, ४जीत ईएमबीएमएस झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये दक्षिण कोरियात केटी कंपनीने ती ग्राहकांसाठी सुरूही केली. ५जीच्या मानकात ती २०२२ च्या रिलीज १७ मध्ये आली, एमबीएस म्हणून.

या एमबीएसमधली एक गोष्ट मला फार आवडते. ब्रॉडकास्टमध्ये टॉवर बोलत राहतो, ज्याला ऐकायचं तो ऐकतो. मल्टिकास्टमध्ये मात्र फोन आधी गटात सामील होतो, आणि एखादं पॅकेट चुकलं तर तसं टॉवरला कळवूही शकतो. मग बेस स्टेशन स्वतःच ठरवतं: या सेलमध्ये, म्हणजे आपल्या टापूत, चारच जण असतील तर ज्याचं त्याला पाठवू, चारशे असतील तर सगळ्यांना मिळून एकदाच. हे ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण एकदाच पाठवणं फुकट पडत नाही. सगळ्यात कमजोर सिग्नलवाल्या फोनला झेपेल असाच वेग ठेवावा लागतो. जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत एक जण बसलाय, म्हणून चौकातल्या सगळ्यांशी सावकाश बोलायचं, तसं. शिवाय ५जीचा अँटेना एरवी एकेका फोनकडे बारीक झोत वळवतो, तो फायदाही बराचसा जातो. म्हणून प्रेक्षक थोडे असतील तर ब्रॉडकास्ट तोट्यात जातं.

कोणी डायरेक्ट टू मोबाइलचं नाव घेईल. आपल्याकडे आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स यांनी ज्यावर काम केलं ते हे तंत्र वेगळं आहे. ते टीव्हीच्या प्रसारणासारखं चालतं, त्याला सिम लागत नाही, पण फोनमध्ये वेगळी चिप लागते.

चिपचीच अडचण एमबीएसलाही आहे. नेटवर्कचं सॉफ्टवेअर, फोनचा मॉडेम आणि अ‍ॅप, तिन्हीकडे सोय हवी. गर्दीतल्या लोकांच्या खिशातल्या फोनांत ती नाही.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. त्या गच्चीवरून खाली पाहिलं तर हजारो हात वर, प्रत्येक हातात फोन, जो तो आपापला व्हिडिओ पाठवतोय. गेरमध्ये नेटवर्कचा जीव जातो तो अपलिंकवर, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेवर. ब्रॉडकास्ट फक्त टॉवरकडून फोनकडे येतं, उलट दिशेला त्याचा काही उपयोग नाही. त्यात ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीत एकच पट्टा दोन्ही दिशांना वेळ वाटून वापरतात, आणि बहुतेक वेळ डाउनलिंकला, म्हणजे टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या दिशेला, दिलेला असतो. तुमचा कॅमेरा सिमवर चालत असेल तर तोही त्याच रांगेत उभा असतो.

एक ब्रॉडकास्ट मात्र आजही चालतं. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश आला आणि सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले, आठवतं? ते सेल ब्रॉडकास्ट. नंबर लागत नाही, आणि कितीही गर्दी असली तरी एकदाच पाठवायचं. चेंगराचेंगरीचा धोका दिसला तर एवढ्या माणसांना सावध करायला हेच कामी येईल. पोलीस आणि रुग्णवाहिकांच्या ग्रुप कॉलसाठी तर ५जी मल्टिकास्ट अगदी मुद्दाम केल्यासारखं आहे. माझ्या मते पहिला मान त्यांचा, आपल्या लाइव्हचा नंतर.

तुमच्या संस्थेने यंदा एवढं करा: कॅमेऱ्यासाठी सिम नको, रस्त्यावरच्या एखाद्या दुकानदाराला सांगून त्याच्याकडची फायबर लाइन घ्या. चौकात उभ्या लोकांसाठी एक मोठा एलईडी पडदा लावा, आणि त्यालाही तारेनेच जोडा. राउटर वरच्या मजल्यावर, खिडकीपासून लांब ठेवा, कारण फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात. लाइन पंधरा दिवस आधी ओढून घ्या, आणि एकदा रात्री सराफ्यातली खाऊगल्ली भरलेली असताना चालवून बघा.