यळ्ळूर रोडला दोन गुंठे की बुडाची साईट?

बेळगावातल्या वडगावच्या एका शिक्षक दांपत्याचा प्रश्न आहे. दोघांचा मिळून महिन्याला हातात येणारा पगार 92,000, ठेवी 19 लाख, मुलगी दहावीला, राहायला वडिलोपार्जित घर. यळ्ळूर रोडला शेतातले दोन गुंठे 14 लाखांना मिळत आहेत. ‘एनएची (बिनशेतीची) फाईल गेली आहे, जॉइंट उतारा होईल’ असे एजंट सांगतो आणि 8 लाख रोख मागतो. दुसरीकडे बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) मंजूर लेआउटमधली 30 बाय 40 फुटांची साईट, म्हणजे प्लॉट, 27 लाखांना आहे. पहिली जागा निम्म्या पैशांत आणि कर्जाशिवाय मिळते, मग ती का घेऊ नये?

आधी गुंठ्याचा हिशेब नीट करू. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट. एजंट दर सांगतो तो यावर, फुटाला साधारण 643 रुपये. पण शेतजमिनीचा रीतसर लेआउट होतो तेव्हा रस्ते, बगीचा आणि सार्वजनिक सोयींची जागा सुटते. विकण्याजोग्या साईट उरतात निम्म्याहून थोड्या जास्त क्षेत्रावर. 55 टक्के धरले तर तुमच्या वाट्याला 1,200 फुटांच्या आसपास जागा येते, म्हणजे खरा दर 1,170 च्या घरात गेला. बिनशेती, गटार, डांबरी रस्ता, पाण्याची लाईन, हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) खांब हा खर्च त्यात अजून धरलेलाच नाही. मंजूर साईटच्या 2,250 च्या दरात तो आलेला असतो. तेव्हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण कागदाची आहे. जॉइंट उताऱ्यात कॉलम 9 मध्ये दहा-पंधरा नावांत तुमचे एक नाव लागते. तुमचे दोन गुंठे रानात नेमके कुठे, हे त्यातून ठरत नाही. एजंटने चुन्याने आखलेल्या रेषेला भूमापन खात्याच्या दप्तरात किंमत नाही. त्यासाठी त्या खात्याने हिस्सा मोजून काढलेला 11ई नकाशा लागतो. अशा हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही. त्यामुळे उद्या विकायला काढलात तर गिऱ्हाईकही रोखीचेच शोधावे लागते, आणि असे गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

काहीजण म्हणतील, आता मंजुरी नसलेल्या जागेलाही पालिकेचे बी-खाते मिळते. मिळते, पण ते घरपट्टी गोळा करण्यासाठी आहे. त्याने लेआउट मंजूर होत नाही. त्यातच 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीज-पाण्याची कायम जोडणी आणि बँकेचे कर्ज या दोन्ही गोष्टी बांधकामाच्या पूर्णत्व किंवा भोगवटा दाखल्याशी जोडल्या. पूर्वी ‘बांधा, मग बघू’ म्हणून चालून जायचे. आता मंजुरीशिवायची जागा पुढे वीज मागताना अडू शकते.

आणि 8 लाख रोख तर मुळीच देऊ नका. स्थावर व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. तुमच्या बाजूने बघा: खरेदीपत्रात 6 लाखच दिसतील, वाद झाला तर तेवढेच मागता येतील, आणि पुढे विकताना न दिसलेले 8 लाख नफा म्हणून करात धरले जातील.

त्या भागाचा आणखी एक धोका आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात वडगाव, यळ्ळूरच्या शिवारात पसरते, आणि हलगा-मच्छे बायपास व रिंगरोडच्या भूसंपादनाचा तंटा शेतकरी वर्षानुवर्षे लढत आहेत. सर्व्हे नंबर त्या भूसंपादनाच्या अधिसूचनेत आहे का, हे पाहिल्याशिवाय तिथे इसार देणे धाडसाचे आहे.

आता साईट. 27 लाखांवर मुद्रांक 5 टक्के, त्यावर उपकर व अधिभार, आणि 31 ऑगस्ट 2025 पासून दुप्पट झालेली 2 टक्के नोंदणी फी मिळून सुमारे 7.6 टक्के, म्हणजे 2 लाख 5 हजार. एकूण 29 लाख. ठेवींतले 7 लाख मुलीचे शिक्षण आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. 12 लाख घाला आणि 17 लाख कर्ज घ्या. 9 टक्के, 15 वर्षे धरली तर हप्ता 17,250 च्या आसपास बसतो. पगाराच्या एकोणीस टक्के, झेपतो. लगेच बांधायला मात्र घेऊ नका. बांधकामाला आणखी 19 लाख काढले तर दोन्ही हप्ते मिळून 36,000 वर जातात आणि मुलीच्या कॉलेजची वर्षे नेमकी तीच आहेत. राहायला घर असल्याने तुम्ही चार-पाच वर्षे थांबू शकता. फक्त कर्जाच्या अटींत अमुक वर्षांत बांधकाम सक्तीचे आहे का, ते सहीपूर्वी विचारा. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर करसवलत मिळत नाही, तीही हिशेबात धरू नका.

‘बुडा मंजूर’ हा बोर्डही तपासावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती आदेश, बुडाने मंजूर केलेला नकाशा आणि साईट विक्रीस मोकळ्या केल्याचा आदेश हे तीन वेगळे कागद आहेत. अनेकदा तिसरा नसतो, कारण रस्ते-गटार झाल्याप्रमाणे साईट टप्प्याटप्प्याने सुटतात. लेआउट 500 चौरस मीटरवर किंवा आठाहून जास्त साईटचा असेल तर रेरा (स्थावर प्रकल्पांचे नियामक प्राधिकरण) नोंदणी हवी. ई-खाते (पालिकेची संगणकीकृत मालमत्ता नोंद) त्या साईटचे हवे, मूळ सर्व्हे नंबरचे नव्हे. उताऱ्याच्या कॉलम 11 मध्ये सोसायटीचा बोजा किंवा कोर्टाची मनाई दिसते. ईसी (बोजा दाखला) तीस वर्षांची काढा. ऑनलाइन 2004 पासूनची मिळते, आधीची सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज करून. मूळ मालकाच्या वंशावळीत बहिणी असतील तर त्यांच्या सह्या बघाच. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने त्यांना समान हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने तो जन्मजात ठरला. आपल्याकडचे बरेच दावे इथूनच सुरू होतात. कागद कानडीत असतील, तर विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या वकिलाकडून वाचून घ्या.

इसार एक लाखाच्या वर देऊ नका, चेकने द्या, आणि संचकारपत्रात (इसाराच्या करारात) लिहून घ्या: बँकेचा कायदेशीर अहवाल प्रतिकूल आला तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत.